तिसऱ्यांदा हो

टाचणीच्या घरात एक नियम होता आणि तो तिच्या आईने केलेला होता, त्यामुळे त्यावर अपील नव्हतं. परक्याच्या घरी कुणी वाढायला आलं की पहिल्यांदा नको म्हणायचं, दुसऱ्यांदाही नको म्हणायचं, आणि तिसऱ्यांदा "बरं, अगदी थोडं" म्हणून ताट पुढे करायचं. पहिल्याच हाकेला ताट पुढे करणारं पोर हावरट दिसतं, तिन्ही वेळा नको म्हणणारं शिष्ट दिसतं. घरातही हाच कायदा. आईकडे काही मागितलं की ती पहिल्यांदा नाही म्हणणार, दुसऱ्यांदा नाही म्हणणार आणि तिसऱ्यांदा "घे बाई, पण माझं डोकं खाऊ नकोस" म्हणणार. सहल असो की नवी चप्पल, तिसऱ्या मागणीला हो ठरलेलं. दोनदाच मागून कुणी गप्प बसलं तर आई समजायची, हिला ते मनापासून नकोच होतं.

टाचणी हे काही शाळेच्या दाखल्यावरचं नाव नव्हे. आई घरीच शिवणकाम करायची. बाहेरच्या खोलीत दोन मशिनी, भिंतीला टेकवलेला आरसा, खिळ्याला लटकवलेली मापांची वही. लेक चार वर्षांची असल्यापासून मशिनशेजारी टाचण्यांची डबी धरून बसायची, आणि अंगाने अशी काडी की वारा आला तर धरून ठेवावं लागेल. ते बघून आत्याने तिला टाचणी म्हणायला सुरुवात केली. खरं तर टोचायची ती आत्या, नाव मात्र पोरीला पडलं.

पोर अभ्यासात हुशार निघाली. अकरावीत असताना शाळेतल्या बाईंनी तिचं नाव परदेशी पाठवायच्या एका योजनेत दिलं. दहा महिन्यांसाठी आपली मुलगी त्यांच्या घरी राहणार, त्यांची मुलगी आपल्या घरी. त्या संस्थेच्या मॅडम घर बघायला आल्या तेव्हा आत्या तिथे होतीच. ती कुठे नसते?

"म्हणजे साटंलोटं म्हणा की," आत्या म्हणाली. "आमच्या नात्यात झालं होतं एक. एकीला सासरी जड गेलं, ती आली माहेरी निघून. मग पलीकडच्यांनी आपलीही पोर उचलून नेली. तिचं बिचारीचं काय वाईट चाललं होतं?"

मॅडम हसल्या. "आमचा नियम तोच आहे. जोडी एकत्र जाते, एकत्र परत येते. एकीने मध्येच सोडलं तर दुसरीलाही परत यावं लागतं."

सगळे हसले. टाचणीही हसली. हसण्यावारी नेलेल्या गोष्टी नंतर किती महाग पडतात हे तेव्हा कुणाला कळतं.

निघायच्या दिवशी आईने बॅग बंद करता करता कानात सांगितलं, "ऐतं बसून खायचं नाही. त्यांनी सांगायच्या आत काम उरकलेलं दिसलं पाहिजे. आणि तोंडाने काही मागू नकोस. बघणाऱ्याला कळतं." टाचणीने मान हलवली. तिचं कपाट आईने आदल्या दिवशीच रिकामं केलं होतं. तिचे कपडे गाठोड्यात बांधून मशिनखाली सरकवले, कपाटाच्या फळ्यांवर नवा कागद घातला, आतल्या आरशावर फडकं मारलं. पाहुणीला कमी पडायला नको.

तिकडचं घर अरुंद आणि उभं होतं. खाली स्वयंपाकघर, वर दोन खोल्या, मध्ये एका वेळी एकच माणूस जाईल असा जिना. रस्त्यावरची सगळी दारं एका रंगाची, त्यामुळे पहिल्या दिवशी ती शाळेतून परत आली ती शेजारच्यांची बेल वाजवून उभी राहिली. घरात दोघंच. यजमानीण इस्पितळात नर्स, आणि तिचा नवरा बसचा ड्रायव्हर. टाचणीला त्यांच्या लेकीची खोली दिली होती. कपाटाला कुलूप होतं. खालचा एक ड्रॉवर मात्र मोकळा करून ठेवला होता. "हा तुझा," यजमानीण मोठ्या मनाने म्हणाली.

जेवायला बसल्यावर यजमानिणीने विचारलं, "अजून हवं?"

"नको, पुरे," टाचणी म्हणाली.

"बरं," ती म्हणाली आणि भांड्यावर झाकण ठेवलं.

टाचणी दुसऱ्या विचारण्याची वाट बघत बसली. काटा-चमचा हातात धरून, पाठ ताठ करून, चेहऱ्यावर भूक दिसणार नाही अशी काळजी घेत. झाकण बसलं ते बसलंच. ड्रायव्हरकाकांनी वर्तमानपत्र उघडलं. उठून आपण भांडी घासावीत हे तिला आठवलं, म्हणून तिने सगळ्यांची घासली. पहिला आठवडा तिने ड्रॉवरमध्ये लपवलेल्या बिस्किटांवर काढला. पुढच्या वेळी लगेच हो म्हणायचं असं रोज ठरवायची आणि रोज ऐन वेळी जीभ आपली जुनीच, "नको, पुरे." सतरा वर्षांची सवय काय विमानात विसरून येते?

शाळेत कुणी वाईट वागलं नाही. पहिल्या दिवशी मुलींनी तिच्याभोवती गर्दी केली, तू कुठली, तुझ्याकडे काय काय असतं, आमचं नाव तुझ्या लिपीत लिहून दे. नव्याचे नऊ दिवस म्हणतात. इथे शाळेचा आठवडाच पाच दिवसांचा, त्यामुळे तेवढ्यातच आटोपलं. सोमवारी त्यातल्याच एकीने पुन्हा विचारलं, "तू कुठली म्हणालीस?" मधल्या सुट्टीत ती खिडकीशी बसून डबा खायची आणि फार भूक नसल्यासारखं दाखवायची.

मग इस्त्रीचं प्रकरण झालं. शिंप्याच्या घरातली पोर. इस्त्री तिच्या हातात बसलेली. आधी कॉलर उलट्या बाजूने, मग कफ, मग बाह्या, सगळ्यात शेवटी पाठ. एका सोमवारी ती शाळेचा सदरा करत होती. शेजारी खुर्चीवर ड्रायव्हरकाकांचा गणवेशाचा सदरा चुरगळून पडला होता. सांगायच्या आत काम दिसलं पाहिजे, म्हणून तिने तोही केला. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. यजमानिणीने तो सदरा खिडकीपाशी नेऊन उजेडात धरला.

"अगं, हा तर दुकानातून आणल्यासारखा दिसतोय. तुला आवडतं का हे काम?"

आता याला काय उत्तर द्यायचं? "हो," टाचणी म्हणाली.

पुढच्या सोमवारी तिच्या दाराबाहेर वेताची टोपली होती. काकांचे पाच सदरे, यजमानिणीचे चार गणवेश. त्याच्या पुढच्या आठवड्यात उशांचे अभ्रे, मग चादरी. दुसरा महिना संपता संपता यजमानिणीच्या नणंदेचेही कपडे टोपलीत दिसायला लागले, कारण नणंदेने तो सदरा पाहिला होता. मुकी बिचारी कुणीही हाका.

यजमानिणीला खलनायिका करून टाकणं सोपं आहे, पण ते खरं नाही. तिने दर सोमवारी विचारलं. "करशील ना? नसेल करायचं तर सांग." आणि टाचणीने दर सोमवारी हसून टोपली आत घेतली. विचारणारीने शब्दाला शब्द मानला, यात तिचा गुन्हा काय? तरीही राग यायचा तो येतोच. आपल्या लेकीच्या वयाची पोर परक्या नणंदेच्या परकरांना इस्त्री करतेय हे दिसायला डोळे लागतात, आणि डोळे तर त्या बाईला दोन होते.

दर रविवारी घरून फोन यायचा. तिकडची पाहुणी घरात आली तेव्हा पहिल्या फोनवर आई हादरलेली होती.

"काय सांगू तुला, पहिल्याच दिवशी ताट पुढे करून म्हणते, अजून द्या. भाजी आवडली नाही तर सरळ बाजूला सारली. तुझी आत्या बघतच राहिली."

मागून आत्याचा आवाज आला, "बघत काय राहिले, माझं जेवायचंच राहिलं."

टाचणी पोट धरून हसली. कितीतरी दिवसांनी हसली. तिला वाटलं, आता आईला कळेल आपली लेक काय चीज आहे ते.

दुसऱ्या महिन्यात आईचा सूर बदलला. "पण गोड आहे गं पोर. पोटात एक, ओठात एक असं नाही. हवं ते मागते, नको ते नको म्हणते. मलाच मेलीला हलकं वाटतं. तू कशी, मूग गिळून बसायचीस आणि मी आपली ओळखत बसायची."

मूग गिळायला शिकवलं कुणी, हा प्रश्न टाचणीच्या ओठापर्यंत आला होता. तिने तोही गिळला. पुढे कळलं की पाहुणी आईला आई म्हणते. मग कळलं की बाबा तिला रोज संध्याकाळी सायकल शिकवायला नेतात. टाचणी स्वतःच्या हिमतीवर, दोनदा गुडघे फोडून शिकली होती. बाबांना तेव्हा पोस्टातून यायला उशीर व्हायचा. पिकतं तिथे विकत नाही, असं स्वतःला सांगून ती पुढच्या रविवारची वाट बघायची. तेवढं मात्र थांबलं नव्हतं.

चौथ्या महिन्यात एका रविवारी आईने व्हिडिओ कॉल केला. "थांब, तुला गंमत दाखवते," म्हणाली आणि फोन फिरवला. बाहेरच्या खोलीतल्या आरशासमोर पाहुणी गोल गोल फिरत होती. अंगात निळा फ्रॉक, त्यावर पांढरे ठिपके.

ते कापड टाचणीने डोळे झाकून ओळखलं असतं. आईच्या ट्रंकेत तळाशी, जुन्या साडीत गुंडाळलेलं, साडेतीन मीटर. नववीत असताना तिने मागितलं होतं. आई म्हणाली, अजून वाढतेयस, वाया जाईल. दहावीनंतर पुन्हा मागितलं. आई म्हणाली, बारावी होऊ दे. तिसरी मागणी तिने परतल्यावरसाठी राखून ठेवली होती. विमानात बसल्यावर तिने त्या फ्रॉकची बाही कशी ठेवायची हेसुद्धा ठरवलं होतं.

"ट्रंक आवरताना तिने बघितलं," आई कौतुकाने सांगत होती. "म्हणाली, मला हे फार आवडलं, मला याचा फ्रॉक हवा. एवढं तोंड उघडून मागितलं पोरीने, नाही कसं म्हणू? कशी दिसते सांग."

"छान," टाचणी म्हणाली. फ्रॉक खरंच छान बसला होता. खांद्याला एक सुरकुती नव्हती. आई शिवायला बसली की चूक करत नाही.

फोन ठेवल्यावर तिला जे वाटलं त्याला मत्सर म्हणा, हरकत नाही. पण मत्सराच्याही खाली एक भीती होती आणि ती जास्त खरी होती. आपण दहा महिने नसलो तर घरात खड्डा पडेल असं तिला वाटलं होतं, आणि खड्डा तर कुणीतरी पहिल्याच आठवड्यात बुजवला होता. आता घरी जायला हवं. उशीर झाला तर परत जाऊन आपण उभं कुठे राहायचं? तिला फ्रॉक नको होता. आईने तिला परत बोलवायला हवं होतं, बस.

संस्थेच्या तिकडच्या मॅडम दर महिन्याला फॉर्म घेऊन यायच्या. जेवण ठीक? ठीक. झोप ठीक? ठीक. चार वेळा खुणा करून गेल्या होत्या. पाचव्यांदा टाचणी म्हणाली, "मला घरी जायचंय."

मॅडमचं पेन थांबलं. "कुणी काही केलं का?"

"नाही."

"मग काय झालं?"

"इस्त्री" हा शब्द तोंडातून काढला असता तर तिचं तिलाच हसू आलं असतं. त्या बाईंनी मात्र तिला उलटसुलट विचारून छळलं नाही. म्हणाल्या, "जायचं असेल तर जाता येईल. तू सज्ञान नाहीस, म्हणून आईवडिलांची लेखी संमती लागेल. आणि नियम तुला माहीत आहे. ती मुलगीही परत येईल."

त्या रविवारी टाचणीने फोन यायची वाट बघितली नाही, स्वतः लावला. आई मशिनवर होती. कसलंतरी चमकणारं कापड सुईखाली होतं. बाबा आणि पाहुणी सायकल घेऊन बाहेर गेले होते.

"आई, मला घरी यायचंय."

आई हसली. "अगं, निम्मे महिने तर गेले की. उरलेले बघता बघता जातील."

हे पहिलं नाही. टाचणीला त्याचं काही वाटलं नाही. पहिलं नाही असंच असतं.

"आई, मी खरंच सांगतेय. मला इथे नाही राहायचं. मला घरी यायचंय. तू फक्त संमती लिहून दे."

आता आईने मशिन थांबवली. "कुणी काही बोललं? कुणी हात लावला?"

"नाही."

"जेवायला देत नाहीत?"

"देतात."

"मग?"

"मी सगळ्यांच्या कपड्यांना इस्त्री करते. चादरींना पण. त्यांच्या नणंदेच्या कपड्यांना पण."

"मग घरी काय करत नव्हतीस? कामाची कसली लाज?" आईचा आवाज जरा मऊ झाला. "हे बघ, तू आलीस तर तिला जावं लागेल. शाळेच्या नाटकात घेतलंय तिला, हा तिचाच पोशाख शिवतेय. पोर रडून जीव देईल. तिला नाही समजायचं. तू समजूतदार आहेस."

हे दुसरं नाही. ते पहिल्यापेक्षा जड होतं, पण टाचणीने दम धरला. तिला घराचा कायदा माहीत होता. तिसरी मागणी आजवर कधी वाया गेली नव्हती. तिने आवाज चढू दिला नाही की रडू येऊ दिलं नाही. अगदी स्वच्छ शब्दांत म्हणाली, "आई, तिसऱ्यांदा मागतेय. मला घरी यायचंय."

आईने दातांनी दोरा तोडला.

"नाही," आई म्हणाली. "नाही म्हणजे नाही. ह्या पोरीकडून मी एक शिकले बघ. उगीच तीन-तीनदा नाटकं कशाला? एकदा काय ते सांगून मोकळं व्हावं." आणि हे ती रागाने म्हणाली नाही. नवीन टाका जमल्यावर ती जशी खूश व्हायची तशी म्हणाली. "जेवलीस का?"

"हो," टाचणी म्हणाली.

दुसऱ्या दिवशी सोमवार. शाळेतून आली तर दाराशी टोपली, आणि जिन्यात यजमानीण. "करशील ना? नसेल करायचं तर सांग."

"नाही," टाचणी म्हणाली.

"बरं," यजमानीण म्हणाली, टोपली कमरेवर घेतली आणि खाली गेली. चेहऱ्यावर राग नाही, रुसवा नाही. संध्याकाळी जेवताना नेहमीसारखं विचारलं, "अजून हवं?" टाचणी हो म्हणाली आणि तिने वाढलं. बस, एवढंच होतं. चार महिने जो दगड छातीवर घेऊन ती जगली तो एका शब्दात बाजूला झाला होता. खोलीत जाऊन ती पहिल्यांदा रडली. टोपली गेली म्हणून सुटल्याचं रडू नव्हतं ते. जिथे तो शब्द चालत होता तिथे तिचं कुणी नव्हतं, आणि जिथे सगळी तिची होती तिथे आता तिचा कुठलाच शब्द चालत नव्हता.

उरलेले महिने गेले. ती अंगाने भरली. हवं ते मागायला शिकली, नको ते नको म्हणायला शिकली. एका शनिवारी कपाटाची किल्ली मागितली, तर यजमानिणीने लगेच काढून दिली आणि म्हणाली, "आधीच का नाही मागितलीस?" रविवारचे फोन दहा मिनिटांवरून चारवर आले. आईला वाटलं, पोर रमली. शेवटच्या फॉर्मवर मॅडमनी लिहिलं, विद्यार्थिनीने उत्तम जुळवून घेतलं.

जोडी एकाच दिवशी परतली. एक विमान इकडून, एक तिकडून. टाचणी घरी पोचली तेव्हा दुपार झाली होती. दारात आई उभी. डोळे सुजलेले, नाक लाल. तिला बघताच पुन्हा रडायला लागली आणि तिला घट्ट धरलं. टाचणीच्या आत काहीतरी विरघळायला लागलं. तिला वाटलं, आपलं चुकलंच, एवढी वाट बघितली हिने.

"सकाळपासून असंच चाललंय," आतून आत्या म्हणाली. "पाहुणी गेली ना. गाडीत बसेपर्यंत दोघी एकमेकींच्या गळ्यात. रडल्याशिवाय आईसुद्धा दूध पाजत नाही म्हणतात. इथे तर आईच रडतेय." मग आपण काय बोललो हे तिच्या लक्षात आलं असावं. तिने टाचणीची बॅग उचलून आत ठेवली आणि आयुष्यात बहुधा पहिल्यांदा गप्प बसली.

मशिनखालचं गाठोडं तिथेच होतं. त्यावर कापडाच्या कातरणांचा थर जमला होता. कपाटाच्या आतल्या आरशाला दोघींचा फोटो चिकटवलेला, आई आणि ठिपक्यांचा फ्रॉक. टाचणीने तो काढला नाही. गाठोडं सोडून बघितलं, तर त्यातला एकही सदरा आता तिला होणार नव्हता.

आईने ताट निगुतीने वाढलं. सगळं तिच्या आवडीचं होतं, हे कबूल केलं पाहिजे. आई विसरली नव्हती. टाचणी पोटभर जेवली. मग आई भाताचं पातेलं घेऊन तिच्या बाजूला आली.

"घे अजून."

"नको," टाचणी म्हणाली.

"थोडा घे गं. किती दिवसांनी आलीस."

"नको, आई."

आईच्या चेहऱ्यावर ओळखीचं हसू आलं. पोर आपलीच आहे, तिकडे जाऊनही वळण विसरली नाही. तिने डाव भरला, ताटाच्या वर धरला आणि लाडाने म्हणाली, "बघ हं, तिसऱ्यांदा विचारतेय."

"नको," टाचणी म्हणाली. तिला खरंच भूक नव्हती.

ती उठली. स्वतःचं ताट, फक्त स्वतःचं, घासून उपडं घातलं, हात पुसले आणि बाहेरच्या खोलीत जाऊन सोडलेलं गाठोडं पुन्हा बांधायला बसली. आई भरलेला डाव तसाच धरून रिकाम्या जागेपाशी उभी होती.